पसाभर कोंडा

लष्करी दवाखाना, किरकी
ता. ११ नोव्हेंबर १९४५

तीर्थरूप दादास, गोरक्षनाथाचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून दचकू नका. अक्षर माझेच आहे, बोटे तेवढी अजून सुजलेली असतात. घरी सरकारची तार आली असेल ती मी बेपत्ता असल्याची. बेपत्ता होतो, मेलो नव्हतो. हे पत्र आधी आईला वाचून दाखवा. तिला सांगा की मुबारकबीचे पोर परत येते आहे. ती हसेल.

हकीकत थोडक्यात लिहितो. आमचे विमान बाँब टाकताना नाक खाली करून घारीसारखे जमिनीवर झेपावे. वैमानिक पुढे बसे. मी मागे मशीनगनवर, त्याच्याकडे पाठ करून. त्यामुळे बाँब पडल्यावर खाली काय झाले ते त्याला कधी दिसले नाही. मला दर वेळी दिसले. गेल्या साली ब्रह्मदेशात नदीकाठच्या एका गावात जपान्यांचा दारूगोळा आहे असे आम्हाला सांगितले होते. दारूगोळा नव्हता. जळाल्या त्या झोपड्या आणि भाताच्या कणग्या. वर येतानाच आम्हाला गोळा लागला आणि विमान नदीच्या वाळूत पडले. वैमानिक जागीच गेला. मी त्याच गावच्या माणसांच्या हाती सापडलो. एका म्हातारीने भात कांडायच्या मुसळाने माझे पुढचे दात पाडले. तिच्या घरातले कोण जळाले ते मी वरून पाहिले होते, म्हणून हात आडवा घातला नाही.

मेलेला समजून त्यांनी मला ओढ्यात टाकले. विमानदलाचे कपडे मी चिखलात पुरले आणि उघडा चालत सुटलो, तोच जपान्यांनी धरले. विमानातला माणूस सापडला की ते मान उडवत. मी सांगितले, मी लष्करी लॉरीवरचा आचारी, नाव नियाज. आपल्या शेजारच्या मुबारकबीचा नियाज लहानपणी पटकीत गेला, त्याचे नाव तोंडात आले. मेलेल्याला दुसऱ्यांदा कोण मारणार, असे वाटले असेल. रंगूनच्या तुरुंगात आणि सुटल्यावर कलकत्त्याच्या दवाखान्यात मी तापाच्या भरात नियाजच राहिलो, म्हणून घरी कोणी कळवले नाही. हे तुमच्यापाशीच ठेवा. लष्कर अजून चौकशी करते आहे.

तुरुंगात आझाद हिंद फौजेचे लोक येत. चांगली माणसे होती, आपल्यासारखीच चिडलेली. मी त्यांच्यात गेलो नाही. इंग्रजावर प्रेम म्हणून नव्हे. मागे पाठ करून जे पाहिले, ते दुसऱ्या झेंड्याखाली पुन्हा पाहायचे नव्हते. नाही म्हटल्यावर माझे अन्न तोडले, आणि पुढचे लिहीत नाही. केस पांढरे झाले आहेत, काठीशिवाय चालता येत नाही. आईची तयारी करून ठेवा.

पोहोच द्यावी. लोभ होता तसाच आहे असे दोन ओळींत कळले तरी पुरे.

आपला,
गोरख

*

वाडी, पो. कोल्हार
ता. १९ नोव्हेंबर १९४५

चि. गोरक्षनाथ यास गहिनीनाथाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू जिवंत आहेस हे वाचून मी बैलांच्या गोठ्यात जाऊन रडलो. हे आधी लिहितो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुझा त्यावर विश्वास बसणार नाही.

मी जूनमध्ये तुरुंगातून सुटलो. वेशीत सारी वाडी जमली होती. लोकांनी विचारले, दादा, गोरख कुठे आहे? माझ्याजवळ काय होते? ‘बेपत्ता’ हा एक शब्द, आणि तोही सरकारचा. बेचाळीसपासून या वाडीने लाठ्या खाल्ल्या, घरे जप्त होऊ दिली. त्या लोकांना मी असे सांगू की माझा भाऊ इंग्रजाच्या विमानातून गरिबांच्या झोपड्यांवर बाँब टाकताना गेला? मी सांगितले, माझा भाऊ शत्रूच्या हाती पडला, पण गुलामाची वर्दी त्याने तिथेच फेकली. तो आझाद हिंद फौजेत गेला आणि इंफाळच्या वाटेवर धारातीर्थी पडला. बोलताना मला ते खरेच वाटत होते. आजही वाटते की तू तसे करायला हवे होतेस.

वेशीत तुझ्या नावाची शिळा उभी आहे. लोकांनी प्रवरेतून दगड ओढून आणला. आई रोज तिला कुंकू लावते. पोरे तिच्यावर हात ठेवून शपथ घेतात. मी विधिमंडळाच्या निवडणुकीला उभा आहे, आणि या टापूत माझे प्रत्येक भाषण तुझ्या नावाने सुरू होते. हे माझ्यासाठी मागत नाही. ज्या लोकांना दीडशे वर्षे फक्त हार माहीत आहे, त्यांना तू एक विजय दिला आहेस. तो तू परत मागायला येऊ नकोस.

दोन वाटा आहेत. फौजेत होतो असे व्यासपीठावर येऊन सांग. मी तुला हत्तीवरून मिरवीन. नाहीतर निवडणूक होईपर्यंत मेलेला राहा. एक माणूस खोटा ठरला तर चालते. एक गाव खोटे ठरता कामा नये.

आईला मी काही सांगितलेले नाही. प्रकृतीस जप. माझी माया तुझ्यावर आहे, आणि या पत्राने ती कमी झालेली नाही.

तुझा,
दादा

*

किरकी
ता. २६ नोव्हेंबर १९४५

तीर्थरूप सौ. आक्कास, गोरखचा शि. सा. न. वि. वि.

भुताचे पत्र आले म्हणून अंगारा शोधू नकोस. आधी काकासाहेबांना वाचायला दे. तुझे मालक धीराचे आहेत, तू नुसती बोलायला धीट.

आक्का, मी जिवंत आहे. दादाला सगळे लिहिले आणि त्याचे उत्तर सोबत पाठवतो आहे. ते वाचलेस की तुला मी वेगळे काही सांगायला नको. दादा वाईट नाही. तो बोलायला उभा राहिला की त्याच्यापुढे माणसे असतात, आणि माणसांच्या पलीकडचे त्याला दिसत नाही. मला विमानात मागच्या बाजूला बसायची सवय लागली आहे.

एवढेच कळव, आईला दिसते का? आणि माझे हे तोंड तिला सोसेल का? बाकी मला काही नको. शिळा राहू दे, पण तिच्यावर माझे नाव नको. त्या नावाखाली मी केलेले जे आहे ते ब्रह्मदेशात एका म्हातारीला माहीत आहे.

पोरांना पापा. उत्तराची वाट पाहतो. तुझ्या रागासकट जे येईल ते गोड.

तुझा,
गोरख

*

अकोले
ता. ४ डिसेंबर १९४५

चि. गोरखास आक्काचे आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आले तेव्हा मी भात पाखडत होते. सूप हातातून पडले. मालक म्हणाले की भुताला टपालखर्च परवडत नाही, तेव्हा हा गोरखच. मग मी रडले, आणि तुझ्या पत्राला दोन शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

आईच्या डोळ्यांत सारा आला आहे, मोतीबिंदूच म्हण. उजेडात माणसाचा आकार कळतो, चेहरा हाताने चाचपावा लागतो. तुझ्या तोंडाची काळजी करू नकोस. तुला ओळखायला तिला तोंड लागत नाही, नाक पुरे.

सूप पडले आणि मला तेच आठवले. आपली मधली दोन भावंडे गेली आणि मग तू झालास. आईने तुला सुपात घातले, उकिरड्यावरून ओढत नेले आणि पलीकडच्या मुबारकबीला पसाभर कोंड्याला विकले. तुझी उजवी नाकपुडी टोचली. सूप दादाने धरले होते, कोंडा माझ्या ओच्यात होता. नंतर तुला ताप आला, पडलास, विंचू चावला, की आई उंबऱ्यात उभी राहून पोरे नेणाऱ्या सटवाईला ऐकू जाईल अशी ओरडायची, ‘हा माझा न्हाई, मुबारकबीचा हाय.’ आणि मुबारकबी भिंतीपलीकडून म्हणायची, ‘माझाच हाय, कोंडा मोजून दिलाय.’ दादा तर तुला चिडवायला दिवसभर तेच म्हणायचा. आई आजही म्हणते, तेवढ्या एका वाक्यानं पोर जगलं. तार आल्यावर ती म्हणाली होती, मी ब्रह्मदेशात नव्हते ना ओरडायला.

तू एकटा वाडीला जाऊ नकोस. आधी इकडे ये, मी आईला आणवते. दादाच्या सभांना आता जी माणसे असतात ती वाडीची नाहीत, आणि ती ऐकायला येत नाहीत.

आमची माया पांघरून नीज.

तुझी,
आक्का

*

किरकी
ता. १५ डिसेंबर १९४५

तीर्थरूप दादास, गोरखचा शि. सा. न. वि. वि.

दवाखाना मला सोडतो आहे. येत्या बाजाराच्या दिवशी सर्व्हिस गाडीने कोल्हारला उतरेन आणि चालत वाडीला येईन. आक्का अकोल्याला बोलावते आहे. पण मी चोर नाही. आईला लपून भेटणार नाही.

मी फौजेत नव्हतो आणि तसे म्हणणार नाही. लोकांना विजय द्यायचा असेल तर खरा द्या. खोट्यावर उभे केलेले गाव एका खऱ्या माणसाला भिते, हे तुमच्या पत्रातच आहे. मी कुणाविरुद्ध बोलायला येत नाही. शिळेवरचे नाव तेवढे काढा आणि मला घरात घ्या. मत मागायच्या दिवशी मी ओट्यावर बसून राहीन. तोंडात दात नाहीत, माझे बोलणे तसेही कुणाला कळत नाही.

आपला राग मला चालेल. दार उघडे असावे.

गोरख

*

अकोले
ता. ३० डिसेंबर १९४५

तीर्थरूप दादास, तुमच्या बहिणीचा, छबूबाईचा नमस्कार. नेहमीचे बाकीचे शब्द आज लिहवत नाहीत.

तुम्ही तिथे होता, मीही होते. तरी लिहिते, कारण तुम्ही झाले ते कसे सांगत फिरता आहात ते माझ्या कानावर आले.

गोरख येणार हे कळल्यावर मी आणि मालक निघालो, पण पोहोचलो तेव्हा वेशीत सभा भरली होती. बाजारच्या दिवशी तुम्ही ती मुद्दाम ठेवली होती. तो काठी टेकत आला, शिळेपाशी उभा राहिला. कुणी ओळखले नाही. सव्विसाव्या वर्षी पांढरे केस आणि बसलेले तोंड. त्याने एवढेच सांगितले की मी गोरख आहे, मी फौजेत नव्हतो, माझे नाव पुसा. लोक पहिल्यांदा हसले. मग कुणी तरी ओरडले की हा सरकारने पाठवलेला आहे.

तेव्हा तुम्ही व्यासपीठावरून उतरायचे होते, दादा. चार पायऱ्या होत्या. तुम्ही उतरला नाहीत. तुम्ही पानिपत काढलेत. भाऊसाहेब पडल्यावर तोतया आला आणि पेशवाईची झोप उडाली, तसा या हुतात्म्याचा तोतया इंग्रजाने धाडला आहे, म्हणालात. याचे नाव नियाज, रंगूनच्या तुरुंगात याला सारे नियाज म्हणत, कलकत्त्याच्या दवाखान्यात विचारा, म्हणालात. ते त्याने तुम्हाला विश्वासाने लिहिले होते. तुमच्यापाशीच ठेवा असे लिहिले होते. ते पत्र त्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवले आहे.

लोकांनी दगड उचलले. तेव्हा तुम्ही हात वर करून त्यांना थांबवलेत आणि आईला आणा म्हणालात. आईचा हात चुकत नाही, तिला विचारू या. मला वाटले, देवा, दादाला जाग आली.

आई आली. तिने त्याचे केस चाचपले, गाल चाचपले, नाकाशी बोटे आली आणि उजव्या नाकपुडीवर थांबली. भोकावर तिचे बोट होते. ते तिथून हलत नव्हते. मी दोन हातांवर उभी होते, तुम्ही माझ्याहून जवळ. तिला चेहरे दिसत नाहीत, पण भोवती उगारलेले हात उजेडात दिसत होते. तुम्ही मोठ्याने विचारलेत, आई, हा तुझा का?

तिने उंबऱ्यात ओरडायची तशीच मान वर केली आणि म्हणाली, ‘हा माझा न्हाई.’

पुढचे तिला म्हणू दिले नाहीत. पोरांनी घोषणा सुरू केली. पहिला दगड त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. तो डोळा गेला. आई ‘मुबारकबीचा हाय, मुबारकबीचा हाय’ म्हणत राहिली आणि तुमची माणसे तिला धरून घरी घेऊन गेली. खरेच मुबारकबी आली, म्हातारी, काठीशिवाय, दगडांतून, आणि म्हणाली, ‘माझा हाय, मोजून घेतलाय.’ तुम्ही लोकांना म्हणालात, बघा, नियाजची आई आली. तिच्या आडून मालकांनी त्याला गर्दीबाहेर काढले.

लोकांचे मला नवल नाही. त्यांना आईचा शब्द खरा वाटला. पण सूप तुम्ही धरले होते. ते वाक्य ऐकत तुम्ही वाढलात. उगारलेल्या हातापुढे ती आपल्या पोराला काय म्हणेल हे त्या सगळ्या गर्दीत तुम्हाला एकट्याला माहीत होते, आणि म्हणून तुम्ही विचारलेत.

माझ्या दारी येऊ नये.

छबूबाई

*

वाडी, पो. कोल्हार
ता. ७ जानेवारी १९४६

चि. सौ. छबूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचून फाडून टाकले. मी फक्त प्रश्न विचारला. उत्तर आईचे आहे, आणि या देशात आईच्या उत्तरावर अपील नाही.

दगड मारायला मी सांगितले नव्हते. डोळ्याचे मला वाईट वाटते. नगरच्या एका डॉक्टरला चिठ्ठी देतो, ती त्याने घ्यावी. तू मला विचारतेस की मला माहीत होते का. समज, होते. मग तूच सांग, त्या घटकेला मी काय करायला हवे होते? पाच हजार माणसांना सांगायचे की तुमचा देव खोटा, तुमचा पुढारी खोटा, आता घरी जा आणि पुन्हा मान खाली घाला? उद्या स्वराज्य येईल तेव्हा त्याच्या पायात असे कितीतरी डोळे पुरलेले असतील. कुणी ते मोजणार नाही. मोजूही नये.

मुबारकबी वाडी सोडून गेली. तिच्या दाराला काटे लावले, कोंबड्या मारल्या, ते कुणी केले मला ठाऊक नाही. आई जेवते. रोज शिळेला कुंकू लावायला जाते. लोकांना ते पाहून फार बरे वाटते.

राग ओसरला की ये. भावाच्या घराला कडी नसते.

तुझा,
गहिनीनाथ

*

अकोले
ता. ५ मे १९४६

मुबारकबीच्या पोरास, शेजारीण कडूबाईचा आशीर्वाद.

हे पत्र छबू लिहिते हाय. मी सांगते तसंच लिही म्हटलंय, सुधारू नको म्हटलंय.

गनीभाईच्या सायकलच्या दुकानात तुला काम लागलं, आन मुबारकबी तुझ्यासंग नगरला ऱ्हाती, हे छबूनं सांगितलं. एका डोळ्यानं चाकाच्या तारा वढतोस म्हनं. तिच्या हातचं खात जा. मुबारकबी मीठ जादा टाकती, आधीपासनंच. तिला म्हनावं, कोंडा मोजताना मी आधलीचं माप धरलं नव्हतं, पसा धरला हुता. तू फायद्यात हायस.

गहिनीनाथ निवडून आला, आता मुंबईला असतो. घरी आला की पाया पडतो. मी तोंडावरनं हात फिरवते. त्याला कुनाला इकायची येळ आली न्हाई, तेवा त्यो माझाच हाय. काय करू.

त्या दिवशी तुझ्या नाकावर बोट ठिवलं तवा तू हललास न्हाई. लहानपनी टोचलं तवा बी हलला नव्हतास. तुला कळलं आसंल मी का म्हनले. न्हाई कळलं तरी चालंल. तू जगलास, माझं काम झालं.

वाडीला आसले की रोज सकाळी येशीत जाते, दगड धुते, कुंकू लावते. बाया म्हनत्यात, कडूबाई, पोरानं नाव काढलं. मी म्हनते, व्हय, हा माझा हाय. मोठ्यानं म्हनते. सटवाईला ऐकू जाऊ दे. न्यायाचा आसंल त्यो दगड न्यावा.

तू इकडं येऊ नको. छबूकडं बी नको, मी हितं असताना तर नकोच. आलास तर चार मानसांत पुन्हा तेच म्हनावं लागंल, आन या खेपेला माझ्याच्यानं म्हनवायचं न्हाई.

मुबारकबीवर माया धर, तिच्यातच मला पावली.

तुझ्या आईची शेजारीण,
कडूबाई